हरेल त्याने नक्कल करायची

मंगळवारी दुपारी ठाण्यात, छापखान्याच्या माडीवर, माझा आतेभाऊ वारला. मी कल्याणला शाळेत होतो. माणूस निरोप घेऊन आला तेव्हा मी मुलांना नकाशावर नद्या दाखवत होतो. निरोपात दोन गोष्टी होत्या. तो गेला होता, आणि त्याच्या साप्ताहिकाचा शुक्रवारचा अंक अडला होता.

मी हेडमास्तरांना सांगितले आणि स्टेशनावर गेलो. गाडीत बसल्यावर पहिला विचार मनात आला तो हा, की आता त्याच्यावरचा लेख मी लिहिणार आणि या वेळी समोर त्याचा मजकूर नसणार. रडू आले ते त्यानंतर, पारसिकच्या डोंगराजवळ.

तो माझ्याहून काही महिन्यांनी लहान. वडील गेल्यावर आत्या त्याला घेऊन कल्याणला आमच्या घरी आली, तेव्हा तो रांगत होता असे म्हणतात. त्याच्याशिवायचे घर मला आठवत नाही. तो मला दादा म्हणे. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. संध्याकाळी पागोटे खुंटीला अडकवले की ते विचारत, "आज गावात काय?" मी मोठा म्हणून आधी मी सांगायचे, मग त्याने. मी सांगत असताना आई चुलीपुढे भाकरी थापत असे. तो सांगू लागला की तिचे हात थांबत.

एकदा तलावात एक बैल पडला. आम्ही दोघेही काठावर होतो. बैल पडला, दोर लावून चार माणसांनी काढला, असे मी सांगितले. त्याने सांगितले की मालक काठावरून बैलाला नावाने हाका मारत होता आणि बैल मान वळवून दुसऱ्याच कोणाकडे तरी बघत होता. वडील खूप हसले.

आई मला म्हणाली, "अरे, तूही तिथेच होतास ना? मग हे तू का नाही सांगितलंस?"

मी म्हणालो, "बैल कुणाकडे बघत होता ते सांगून काय करायचं?"

"काही करायचं नाही," आई म्हणाली. "पण बरं वाटलं ऐकून."

त्या दिवसापासून मला त्याचा हेवा वाटू लागला असे म्हणायला हरकत नाही. त्याआधी वाटत असेल तर मला तो ओळखता आला नव्हता.

मॅट्रिक होऊन आम्ही दोघे मुंबईला कॉलेजात गेलो. गिरगावात एका चाळीत एक खोली घेतली. स्वयंपाक तो करी, भांडी मी घासत असे. युनिव्हर्सिटी आम्हाला फार मोठी वाटे. सिंधपासून कारवारपर्यंतची मुले तिच्या एकाच परीक्षेला बसत. मैदानात मांडव घालून बाक मांडलेले असत. कानडी, गुजराती, सिंधी, पारशी, सगळे तिथे एकाच प्रश्नपत्रिकेकडे बघत बसलेले. लॅटिन, संस्कृत, तर्कशास्त्र, इतिहास, सगळे तिथे शिकता येई. वर्तमानपत्र कसे लिहावे हे मात्र तिच्या कोणत्याही परीक्षेला नव्हते, आणि आम्हा दोघांना तेच शिकायचे होते. मोठेपणी काय होणार असे कोणी विचारले तर दुसरी मुले वकील म्हणत, मुन्सफ म्हणत. आम्ही दोघे गप्प बसत असू, कारण आमचे उत्तर ऐकून लोक वडिलांची कीव करत.

ठाण्यात एक साप्ताहिक होते. त्याचे मालक आणि संपादक एकच, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. वडिलांची आणि त्यांची ओळख होती. तरुणपणी ते याच युनिव्हर्सिटीत शिकले होते आणि कायद्याच्या शेवटच्या परीक्षेआधी सोडून आले होते. का सोडले ते कधी सांगितले नाही. वडिलांनी आम्हाला त्यांच्यापुढे उभे केले. त्यांनी आम्हाला बसा म्हटले नाही.

"ठाण्या-कल्याणची बरीच मुलं तिकडे शिकतात," ते म्हणाले. "बापांना काही कळत नाही तिथे काय चाललंय. मला दर आठवड्याला युनिव्हर्सिटीकडून एक पत्र हवं. दोघांनी लिहायचं, वेगवेगळं. एकमेकांना दाखवायचं नाही. शनिवारी इथे येऊन मला वाचून दाखवा. एक ठेवीन."

"आणि दुसरं?" मी विचारले.

"दुसरं फाडायचं. आणि ज्याचं फाडलं त्याने पहिल्याची नक्कल करायची, शिळेसाठी."

रावसाहेबांकडे शिशाच्या अक्षरांचा टाइप नव्हता. साप्ताहिक शिळाछाप होते. खळ लावलेल्या पिवळट कागदावर चिकट शाईने सगळा अंक हाताने लिहायचा, तो कागद ओला करून दगडावर दाबायचा, म्हणजे अक्षरे दगडावर उलटी उमटत आणि मग कागदावर सुलटी छापून येत. लिहिणाऱ्याचे जसे अक्षर तसे पत्राचे अक्षर.

"नक्कल आपल्या नेहमीच्या माणसाने केली तर?" वडिलांनी विचारले. माझ्या तोंडाकडे बघून विचारले असावे.

"नाही," रावसाहेब म्हणाले. "हरलेला माणूस मजकूर जितका बारकाईने वाचतो तितका दुसरा कोणी वाचत नाही. ही माझी युनिव्हर्सिटी."

पहिले पत्र परीक्षेचे होते. मी परीक्षापद्धतीचा इतिहास लिहिला, कोणत्या विषयाला किती गुण, परीक्षक कसे नेमतात, सगळे. कॉलेजच्या वाचनालयात बसून तीन संध्याकाळी त्यात घातल्या होत्या. त्याने रत्नागिरीकडच्या एका उमेदवाराबद्दल लिहिले. तो आगबोटीतून उतरला तो थेट मांडवात आला. पेपर हातात पडल्यावर त्याने पर्यवेक्षकाला बोलावून तक्रार केली, की साहेब, माझा बाक हलतो आहे. पर्यवेक्षकाने बाक हलवून पाहिला. बाक भक्कम होता. मग पर्यवेक्षक, तोही मालवणकडचा, वाकून त्याच्या कानात म्हणाला, "डोळे मीट आणि थोडा वेळ थांब. मग लिही." परीक्षा कशी असते हे त्यात सगळे आले होते, आणि गुणांचा एकही आकडा नव्हता.

तो उमेदवार माझ्याच पुढच्या बाकावर बसला होता. त्याची शेंडी मला आजही आठवते. पर्यवेक्षक वाकला तेव्हा मला वाटले होते, हा याला उत्तर सांगतो आहे.

रावसाहेबांनी माझे पान दोन बोटांत धरले. "तुझा मजकूर उत्तम आहे," ते म्हणाले. "एखाद्या परीक्षकाला दे." आणि फाडले. मग मला कागद, शाई आणि आतेभावाची पाने दिली.

माझे अक्षर चांगले होते. हे एक माझ्याजवळ होते आणि त्याच्याजवळ नव्हते. त्याचे अक्षर असे की त्याचे त्यालाच वाचता येत नसे. नक्कल करताना मी त्याचा एक शब्दही कधी बदलला नाही. त्यात चांगुलपणा नव्हता. माझ्या अक्षरात छापून येणारे वाक्य वाईट निघाले तर लोकांना ते माझे वाटेल ही भीती होती, पण त्याचे वाक्य वाईट निघतच नसे. मी प्रत्येक ओळीला थांबून शोधत असे, इथे तरी काही जास्त झाले आहे का, इथे तरी एखादा शब्द काढता येईल का. क्वचित सापडे. सापडला की मी तो तसाच ठेवी, आणि आठवडाभर मला बरे वाटे.

तो शेजारी बसून पाटावर शेंगा फोडत असे. "दादा, तुझं अक्षर म्हणजे माझ्या मजकुराला नेसवलेला पीतांबर आहे रे," तो म्हणे.

"शाई ओली आहे. टरफलं लांब ठेव."

"रागावलास?"

"नाही."

"रागावलायस. रागावलास की तुझ्या वेलांटीचा फराटा लांब जातो."

त्याचे ते म्हणणे खरे होते की काय हे बघायला मी पुढच्या शनिवारी जुना अंक काढून पाहिला.

असे आमचे शिक्षण चालले. मी वाचनालयात बसे. विलायतेची वर्तमानपत्रे जुनी होऊन आमच्या टेबलावर येत, ती मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाची, अग्रलेखांची टिपणे काढी, कोणता मुद्दा आधी आणि कोणता नंतर याचे तक्ते करी. तो वाचनालयात फार टिकत नसे. जिन्यात सापडे, शिपायाशी बोलताना. सिंधकडचा एक मुलगा जेवायला काय करतो, कानडी मुलाला घरचे पत्र किती दिवसांनी येते, तर्कशास्त्राचे प्रोफेसर वर्गात शिरण्याआधी बूट का पुसतात, हे त्याला ठाऊक असे. त्याला हे कोणी सांगत कसे याचे मला नवल वाटे. मी त्याच प्रोफेसरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसे आणि मला त्यांनी कधी तर्कशास्त्राखेरीज काही सांगितले नाही. तो तर्कशास्त्रात नापास झाला.

कधी कधी त्याचेही पान फाडले गेले असेल असे वाचणाऱ्याला वाटेल. युनिव्हर्सिटीच्या सगळ्या वर्षांत एकदाही नाही. कल्याणला आमच्या शेजारचे एक गृहस्थ अंक हातात घेऊन वडिलांना म्हणत, "काय अक्षर आहे हो तुमच्या मुलाचं! आणि तुमचा भाचा लिहितोही छान." यातला 'ही' मला रात्री झोपू देत नसे.

मी बी.ए. झालो, वरच्या वर्गात. तो पुन्हा नापास. पदवीदानाच्या दिवसाचे पत्रही दोघांनी लिहायचे होते. मी आत, भाड्याचा झगा घालून, पदवी घेणारा. तो बाहेरून पाहणारा. या खेपेला मला खात्री होती. आत काय झाले हे बाहेरच्याला कळणारच नव्हते. मी कुलगुरूंचे भाषण जवळजवळ शब्दशः टिपले, सभागृहाच्या रंगीत काचांतून ऊन कोणाच्या झग्यावर पडले तेही लिहिले. असले मी पूर्वी लिहीत नसे. त्याच्याकडून शिकलो होतो.

वडील त्या दिवशी कल्याणहून नवे पागोटे घालून आले होते. त्यांच्यासाठी आत जाण्याचे कार्ड मिळाले नव्हते. आतेभावाजवळ पत्राचा बातमीदार म्हणून एक कार्ड होते, ते त्याने वडिलांपुढे धरले. वडील म्हणाले, "ते वर्तमानपत्राचं आहे. मी वर्तमानपत्र नाही." मग तोही आत आला नाही. दोघे बाहेर मैदानाच्या कडेला उभे राहिले. मला हे काही ठाऊक नव्हते. मी आतून त्याला शोधत होतो आणि तो दिसत नाही म्हणून मनात खूश होतो.

शनिवारी त्याने वाचून दाखवले. बाहेर उभ्या असलेल्या एका गृहस्थाबद्दल लिहिले होते. आत टाळ्या वाजल्या की गृहस्थ विचारीत, "हा आमचा का?" आणि शेजारचा हो म्हणे. पुन्हा टाळ्या वाजत, पुन्हा गृहस्थ विचारीत, आणि शेजारचा पुन्हा हो म्हणे. "अशा रीतीने त्या गृहस्थांचा मुलगा त्या दिवशी पुष्कळ वेळा पदवीधर झाला, आणि दर वेळी त्यांनी पागोटे सारखे केले."

रावसाहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. माझे पान त्यांनी पूर्ण ऐकून घेतले होते, तेवढा मान त्यांनी मला दिला. मग फाडले.

माझ्या पदवीदानाची बातमी मी माझ्या हाताने लिहून काढली आणि तिच्यात मी नव्हतो. माझे वडील होते, पण मला ठाऊक असलेले वडील ते नव्हते. "हा आमचा का?" हे त्यांनी मला कधी विचारले नसते. त्यांनी ते त्याला विचारले. ते वाक्य माझे होते, माझ्यासाठी म्हटले गेले होते, आणि ते त्याला मिळाले. मी पागोट्याच्या ओळीशी आलो तेव्हा टाक खाली ठेवून विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आलो.

वडिलांनी तो अंक जपून ठेवला. आल्यागेल्याला दाखवत. "मुलगा बी.ए. झाला त्याचा का?" असे कोणी विचारले की म्हणत, "नाही, नाही. हे माझ्याबद्दल आहे."

पुढे रावसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आम्हा दोघांना त्यांनी बोलावले. साप्ताहिक कोणाकडे जाणार हे मला जाण्याआधी ठाऊक होते, तरी मी धुतलेला अंगरखा घालून गेलो.

"तू मास्तर हो," ते मला म्हणाले. "चांगला होशील."

"मी बी.ए. आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणतो."

आतेभाऊ मान खाली घालून बसला होता. मग म्हणाला, "रावसाहेब, एक मागणं आहे. दोन मजकुरांचा नियम चालू ठेवा. महत्त्वाचं काही असलं की दादाही लिहील, मीही लिहीन. तुम्ही ऐकून ठरवा."

त्याने हे माझ्यावर दया म्हणून केले की त्याला खरोखर हवे होते, हे मी त्याला विचारले नाही. मी कल्याणला मास्तर झालो. आठवड्यातून एकदा ठाण्याला जाई. आत्या त्याच्याबरोबर छापखान्याच्या माडीवर राहू लागली होती. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेले. त्याने पुन्हा लग्न केले नाही. मी वाची, तो वाची, रावसाहेब डोळे मिटून ऐकत आणि माझे पान आता मीच फाडी, कारण त्यांना दिसत नसे.

एकदाच मी जिंकलो. माझे वडील वारले तेव्हा. मी त्यांच्यावर लिहिले, कचेरीतली त्यांची वर्षे, त्यांचा सरळपणा, क्रमाने. त्याने काही ओळी लिहून आणल्या होत्या, अगदी कोरड्या. गाव, हुद्दा, वय. रावसाहेबांनी दोन्ही मजकूर पुन्हा एकदा वाचायला लावले. मग माझ्या बाजूला हात केला.

नियमाप्रमाणे हरेल त्याने नक्कल करायची. मी म्हणालो, "राहू दे, मीच लिहितो." तो म्हणाला, "नाही दादा. मी हरलोय." तो हट्टाने बसला आणि पिवळ्या कागदावर त्याने माझा लेख लिहिला, त्याच्या त्या अक्षरात. शिळेवर उमटला, छापला गेला. शुक्रवारी अंक निघाला आणि पहिल्या पानावर मुंग्यांची रांग होती. कल्याणला लोक अंक घेऊन माझ्याकडे आले. "मास्तर, हे कोणावर आहे? काही लागत नाही." माझा एकुलता एक निवडलेला मजकूर कोणालाही वाचता आला नाही.

त्याने मुद्दाम वाईट लिहिले होते का, मला जिंकवायला? की मामांवर त्याला खरोखरच लिहिता आले नाही? मी दोन्ही मानून पाहिले आहे. पहिले खरे असेल तर तो मला दान देत होता. दुसरे खरे असेल तर माझ्या वडिलांचे दुःख माझ्यापेक्षा त्याला जास्त झाले होते. दोन्हींत तोच पुढे.

त्याच्या मरणाचे कारण कोलशेतचा बांध. आषाढी अमावास्येच्या उधाणाला खाडीचे खारे पाणी बांध फोडून भातशेतात शिरले. तो होडीने गेला, दोन दिवस तिथेच राहिला, गावकऱ्यांबरोबर पाण्यात उभा राहून माती टाकू लागला, आणि हुडहुडी भरून परत आला. तापात त्याने लिहायला घेतले होते. ते पुरे झाले नाही.

त्याच्या चुलत्याने अग्नी दिला. मी रात्रभर आत्याजवळ बसलो. बुधवारी सकाळी माडीवर एका कोपऱ्यात बसून मी त्याच्यावरचा लेख लिहिला आणि खाली छापखान्यात घेऊन गेलो. रावसाहेब आले होते, काठी टेकत, मुलीचा हात धरून.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचला. चांगला होता. आजही तो माझ्याजवळ आहे आणि मला तो चांगला वाटतो.

"आता त्याचं वाच."

"त्याचं काय?"

"कोलशेतचं. उशाशी होतं म्हणतात."

मी वर जाऊन ती पाने आणली. त्याचे अक्षर मला एव्हाना लागत असे, बहुधा जगात मला एकट्यालाच. मी वाचू लागलो. होडी, भरती, गावाची पहिली घरे. शेवटची ओळ अशी होती: "बांधाच्या भगदाडाशी पोचलो तेव्हा गावकरी". पुढे कागद कोरा होता.

रावसाहेब म्हणाले, "हे पहिल्या पानावर घे. तुझा शेवटच्या पानावर, चार ओळींत कर."

माझा आवाज चढला. "तो मेलाय, रावसाहेब. मेलेल्यालासुद्धा जिंकवायचं?"

"तो मेला म्हणून नाही. बांध अजून फुटलेला आहे म्हणून. तुझा लेख पुढच्या आठवड्यातही खरा राहील. हा राहणार नाही."

"हा अर्धा आहे."

"मग जा आणि पुरा करून आण."

दुपारी मी होडीने कोलशेतला गेलो. काठावर एक माणूस होडीला दोर बांधायला पुढे आला.

"ते नाय आले? पेपरवाले?"

"वारले," मी म्हणालो.

त्याने दोर तसाच हातात धरून ठेवला. "चार दिसांमागं हितं व्हते. कमरेएवढ्या पाण्यात उभे ऱ्हायले आमच्यासंगट." मग म्हणाला, "तुमी कोण त्यांचे?"

"भाऊ."

"मंग इचारा काय इचारायचं ते."

मला काय विचारावे ते सुचेना. तो असता तर त्याने या माणसाच्या होडीचे नाव विचारले असते, आणि त्यातून सगळे निघाले असते. मी भगदाडापर्यंत चालत गेलो. तिथे कोणी नव्हते, नुसते पाणी आत-बाहेर करत होते. माणसे कुठे आहेत म्हणून परत आलो तर गावच्या गोड्या विहिरीवर होती. बायकांनी शेतातली उरलेली रोपे उपटून आणली होती. मी कोणाशी बोललो नाही. बोलता येत नाही म्हणून नुसता उभा राहिलो, बराच वेळ, एवढा की त्या माझ्याकडे बघायच्या थांबल्या.

परत येऊन मी त्याच्या शेवटच्या ओळीला जोडून लिहिले: "तिथे नव्हते. ते विहिरीवर होते. एक म्हातारी भाताचे रोप गोड्या पाण्यात धुते, त्याचे मूळ जिभेला लावते, आणि पुन्हा धुते." त्यापुढे थोड्या ओळी, किती शेत गेले, मदत कोणाकडे मागितली आहे.

गुरुवारी मी रावसाहेबांना सगळे वाचून दाखवले. ते काही म्हणतील म्हणून थांबलो. इतकी वर्षे ऐकल्यावर, त्याचे कुठे संपले आणि माझे कुठे सुरू झाले ते त्यांना कळले असणार, असे मला वाटते.

"लाव शिळेवर," ते म्हणाले.

"इथून पुढे माझं आहे अशी एक खूण करू का? एखादी फुली?"

"कशाला?"

"वाचणाऱ्यांना कळावं म्हणून."

"बांध कुणी सांगितला याने तो बुजत नाही," ते म्हणाले. "फुली नको."

मी नक्कल केली. अर्धे त्याचे, अर्धे माझे, सगळे माझ्या अक्षरात, मध्ये कुठेही जोड दिसत नाही अशी.

शुक्रवारी अंक निघाला. दुपारपासून माडीवर आत्याला भेटायला लोक येऊ लागले. कचेरीतले एक फडणीस आत्यापुढे बसले आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. "काय माणूस गेला, बाई! 'आणि पुन्हा धुते.' पुन्हा धुते म्हणाला तो! दुसऱ्या कुणाला सुचलं असतं का हे?"

ते माझ्याकडे वळले. "सुचलं असतं का, मास्तर?"

"नाही," मी म्हणालो.

सगळे गेल्यावर आत्या म्हणाली, "तेवढं मला वाचून दाखव रे. तो काय म्हणाला ते."

मी वाचले. तिने पुन्हा वाचायला सांगितले. नंतर तेराव्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला ती ते वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवी. "माझ्या लेकानं तापात लिहिलं," म्हणे. एकदा कोणी बायका बसल्या असताना मी तोंड उघडले होते. ती तेव्हाच ते वाक्य म्हणत होती, आणि 'जिभेला लावते' म्हणताना तिने आपले बोट ओठाला लावले. मी तोंड मिटले आणि पाणी आणायला उठलो.

तिला शेवटपर्यंत ते त्याचेच वाटत राहिले. मला ते माझे हवे होते. आयुष्यात एकच वाक्य मी असे लिहिले की ते त्याचे वाटावे, आणि ते सगळ्यांना त्याचेच वाटले.

आत्या आता नाही, रावसाहेबही नाहीत. पत्र माझ्याकडे आहे, आणि ते टाइपात निघते. दर आठवड्याला मी एकच मजकूर लिहितो. कोलशेतचे ते वाक्य ठाण्यातली जुनी माणसे अजून त्याच्या नावाने सांगतात. ते ऐकले की मला त्याचा हेवा वाटतो.